दिसत नाही, मग मारायचं कुणाला? डी अँड डी मध्ये अदृश्य, धुकं आणि जादूच्या अंधारावरून दर शनिवारी होणारी भांडणं

आम्ही ठाण्यात, नौपाड्यात एका मित्राच्या घरी दर शनिवारी रात्री डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून गोष्ट रंगवत खेळायचा खेळ, खेळतो, हॉलमधलं जेवणाचं टेबल भिंतीपासून ओढून घ्यायचं आणि बसायचं, आणि गेली सहा वर्षं डीएम, म्हणजे खेळ चालवणारा आणि निकाल देणारा, मीच आहे. या सहा वर्षांत ग्रॅपलवरून (शत्रूला धरून ठेवण्यावरून) भांडण झालं असेल दोनदा, पण कोणी अदृश्य झालं किंवा धुकं पडलं की हमखास गाडी अडते. इतक्या वेळा हा एकच बिघाड दुरुस्त केलाय की आता क्रम तोंडपाठ झालाय, तो इथे लिहून ठेवतो. नियम पाचव्या एडिशनचे धरलेत, म्हणजे २०१४ चं पुस्तक आणि २०२४ चं सुधारित पुस्तक, दोघांत जिथे फरक पडतो तिथे सांगेन.

आधी लक्षणं बघा, तुमच्या टेबलवर यातलं काय होतं ते.

कोणीतरी इनव्हिजिबिलिटी, म्हणजे अदृश्य करणारा स्पेल (मंत्र), टाकतं आणि अर्धं टेबल म्हणतं आता याला मारताच येणार नाही, डीएम त्याचं टोकन (पटावरची सोंगटी) उचलून खिशात टाकतो, आणि पुढचे तीन राउंड सगळे नुसते हवेत तलवारी फिरवतात. फॉग क्लाउड, म्हणजे धुक्याचा स्पेल, पडला की सगळे न विचारता डिसअ‍ॅडव्हांटेजने दोन फासे टाकून त्यातला कमी आकडा धरायला लागतात आणि दहा मिनिटांची मारामारी पाऊण तास चालते. डार्कनेस स्पेल पडला की एल्फवाला म्हणतो मला अंधारात बघायची नजर, म्हणजे डार्कव्हिजन, आहे, मला दिसतं. विझार्ड, म्हणजे जादूगार, धुक्यात मॅजिक मिसाइल सोडतो. रोग, म्हणजे तो चोरट्या क्लासवाला, अदृश्य असूनही दर टर्नला "मी लपतो" म्हणतो आणि बाकीचे वैतागतात की अरे तू आधीच दिसत नाहीयेस ना. आणि सगळ्यात वाईट लक्षण म्हणजे मागच्या शनिवारी एक निकाल, या शनिवारी बरोबर उलटा, दोन्ही वेळा डीएम तोच.

यातली दोन जरी जुळली तरी बिघाड एकच आहे. आपण "दिसत नाही" आणि "कुठे आहे ते माहीत नाही" या दोन गोष्टी एक समजतो. लहानपणी आपण दोन वेगळे खेळ खेळायचो ते आठवा. आंधळी कोशिंबीर मध्ये डोळ्याला रुमाल असतो, दिसत काहीच नाही, पण पोरं खिदळतात, चप्पल घासते, कोण कुठे उभं आहे त्याचा अंदाज येतो आणि आपण हात मारतो, कधी लागतो कधी नाही. लपाछपीत डोळे उघडे असतात, उजेड असतो, पण पोरगं पाण्याच्या टाकीमागे श्वास धरून बसलंय म्हणून सापडत नाही. डी अँड डी मध्ये इनव्हिजिबल माणूस आंधळी कोशिंबिरीतला आहे. तो लपाछपीतला व्हायला त्याला वेगळं लपावं लागतं. एवढं जरी टेबलवर सगळ्यांना एकदा पटलं ना तरी निम्मी भांडणं तिथेच संपतात, पण पटत नाही, म्हणून पुढच्या तपासण्या. सोप्या आणि फुकटच्या आधी घेतल्यात.

पहिली तपासणी: स्पेलचं वाक्य मोठ्याने वाचा

याला पैसे लागत नाहीत, वीस सेकंद लागतात, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वाद इथेच मिटतात. स्पेल वाचताना एकच गोष्ट शोधायची, त्यात "तुला दिसणारा" असं लिहिलंय का. असेल तर समोरचा दिसल्याशिवाय तो स्पेल त्याच्यावर टाकताच येत नाही, डिसअ‍ॅडव्हांटेजने पण नाही, कारण तिथे फासाच नाहीये. नसेल तर टाकता येतो, मग अटॅक रोलवर (मारताना टाकायच्या फाशावर) जो काय परिणाम व्हायचा तो होईल.

माझा मावसभाऊ विझार्ड खेळतो. धुक्यात दोन गॉब्लिन शिरले, हा म्हणाला मॅजिक मिसाइल, तीन बाण, चुकतच नाहीत. मी म्हटलं वाच. "अरे दादा काय वाचायचंय, पाठ आहे मला." तरी वाच म्हटलं. त्याने मोबाइलवर काढून वाचलं आणि "दिसणारा प्राणी" या शब्दांवर येऊन थांबला, दोन सेकंद काही बोलला नाही, मग म्हणाला बरं, फायर बोल्ट. आणि ते एकदम बरोबर होतं, कारण फायर बोल्टमध्ये फक्त पल्ल्यातला प्राणी किंवा वस्तू लिहिलंय, दिसायला पाहिजे असं नाहीये. एल्ड्रिच ब्लास्टचंही तसंच. फायरबॉलला तर माणूस लागतच नाही, तुम्ही एक जागा निवडता आणि तिथून वीस फुटांत जे असेल ते भाजतं, दिसो न दिसो. म्हणून अदृश्य शत्रूवर फायरबॉल एकदम चोख चालतो, फक्त तो साधारण कुठल्या बाजूला आहे तेवढं कळलं पाहिजे.

उलट बाजूला होल्ड पर्सन, सेक्रेड फ्लेम, हीलिंग वर्ड, हे सगळे "दिसणारा" वाले. हीलिंग वर्डचं विशेष लक्षात ठेवा कारण तिथे जीव जातो. आमची वहिनी क्लेरिक, म्हणजे जखमा बऱ्या करणारी पुजारी, खेळते. फायटर धुक्याच्या आत पडला, डेथ सेव्ह (मरतो की वाचतो ते ठरवणारे फासे) दोन चुकलेले, ती बाहेर उभी, आणि तिने अगदी निवांतपणे हीलिंग वर्ड म्हटलं कारण तो साठ फुटांवरून चालतो. चालला नाही, कारण तो तिला दिसतच नव्हता. मग ती धुक्यात शिरली, पटावरच्या कुठल्या घरात तो पडलाय ते फायटरवाल्याने आधी ओरडून सांगितलं होतं म्हणून तिला माहीत होतं, हाताने चाचपत त्याच्यापर्यंत गेली आणि क्युअर वून्ड्स केलं. क्युअर वून्ड्सला स्पर्श लागतो, नजर लागत नाही. तो सीन आमच्या टेबलवर अजून आठवतात सगळे, आणि तो झाला तो फक्त नियम नीट वाचल्यामुळे.

रिअ‍ॅक्शनसुद्धा (दुसऱ्याच्या टर्नमध्ये झटकन करायच्या गोष्टी) याच तपासणीत धरा. काउंटरस्पेलला (दुसऱ्याचा स्पेल हाणून पाडणाऱ्या स्पेलला) समोरचा स्पेल टाकताना दिसायला लागतो. अपॉर्च्युनिटी अटॅक पण दिसणाऱ्या शत्रूवरच, म्हणून अदृश्य माणूस तुमच्या शेजारून आरामात निघून जातो. मिस्टी स्टेपने (ती रिअ‍ॅक्शन नाही, पण अट तीच) दिसणाऱ्या मोकळ्या जागीच जाता येतं, तेव्हा धुक्यात अडकलेल्याची ती सुटका होत नाही. रोगचा अनकॅनी डॉज पण हल्ला करणारा दिसला तरच. शील्ड स्पेलला मात्र अशी अट नाही, तो बिनधास्त घ्या.

दुसरी तपासणी: प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारा

कोण कुणाला बघतंय हा एक प्रश्न नाहीये, दोन आहेत. अ ला ब दिसतोय का, आणि ब ला अ दिसतोय का. आम्ही टेबलवर अक्षरशः दोन्ही बोटांनी दाखवून विचारतो. मला तो दिसत नसेल तर माझ्या अटॅकला डिसअ‍ॅडव्हांटेज. त्याला मी दिसत नसेन तर माझ्या अटॅकला अ‍ॅडव्हांटेज. अ‍ॅडव्हांटेज म्हणजे दोन फाशांतला जास्त आकडा धरायचा. बस, एवढंच.

हे का महत्त्वाचं तर उजेड बऱ्याचदा एकतर्फी असतो. येऊरच्या डोंगरावर रात्री उभे राहिलात तर खाली अख्खं ठाणं लखलखत दिसतं, घोडबंदर रोडच्या गाड्यांची रांग मोजता येते, पण खालून कोणी वर बघितलं तर त्याला काळा डोंगर, तुम्ही नाही. साध्या अंधारात उभा असलेला तिरंदाज मशालीखाली उभ्या पहारेकऱ्याला अगदी नीट बघतो, त्याला काही डिसअ‍ॅडव्हांटेज वगैरे नाही, उलट अ‍ॅडव्हांटेज. २०१४ च्या पुस्तकाच्या पहिल्या छपाईत वाक्य असं होतं की दाट झाकलेल्या जागेत असलेला प्राणी आंधळा धरायचा, म्हणजे अंधारात उभा राहून उजेडातलं पण दिसणार नाही असा अर्थ निघायचा. नंतर ते सुधारलं, की त्या जागेतलं काही बघायचा प्रयत्न केला तर आंधळा धरायचा. आमच्याकडे एकाकडे पहिली छपाई होती आणि एकाकडे नंतरची, दोघंही पुस्तक उघडून दाखवत होते आणि दोघंही आपापल्या पानाप्रमाणे बरोबर होते. त्यामुळे असा वाद निघाला तर आधी छपाई बघा, मग आवाज चढवा.

तिसरी तपासणी: पडदा कशाचा आहे

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो म्हणून जरा सविस्तर. दिसत नाही याची कारणं चार, आणि चारही वेगळ्या चावीने उघडतात.

साधा अंधार. डार्कव्हिजनवाल्याला ठरलेल्या अंतरापर्यंत, बहुतेकांना साठ फूट, तो अंधुक उजेडासारखा दिसतो. अंधुक, लख्ख नाही. म्हणजे अटॅकला काही त्रास नाही पण नजरेच्या परसेप्शनला (बघून ओळखायच्या फाशाला) डिसअ‍ॅडव्हांटेज, आणि पॅसिव्ह परसेप्शन (फासा न टाकता धरायचा आकडा) असेल तर पाच वजा. हे पाच वजा जवळजवळ प्रत्येक टेबलवर विसरतात आणि मग डार्कव्हिजनवाली पार्टी मशाल न लावता फिरते, सगळे सापळे पण बरोब्बर दिसतात त्यांना. मशाल लावा, वीस फूट लख्ख आणि पुढचे वीस अंधुक, तिची किंमत आहे ती मिळू द्या.

जादूचा अंधार, म्हणजे डार्कनेस स्पेल. दुसऱ्या लेव्हलचा, पंधरा फूट त्रिज्या, कॉन्सन्ट्रेशनवर (टाकणाऱ्याचं लक्ष टिकलं तर) दहा मिनिटांपर्यंत. यातून डार्कव्हिजन आरपार जात नाही, स्पेलमध्येच स्पष्ट लिहिलंय, आणि मशाल-कंदील आत पेटून उपयोग नाही. दुसऱ्या लेव्हलपर्यंतच्या स्पेलचा उजेड त्याच्यात आला तर तो उजेडाचा स्पेलच विझतो, म्हणजे लाइट कँट्रिप (सगळ्यात साधा उजेडाचा स्पेल) गेला. डेलाइट तिसऱ्या लेव्हलचा असल्यामुळे तो उलट या अंधारालाच घालवतो. वॉरलॉकला (हा आणखी एका प्रकारचा जादूगार) डेव्हिल्स साइट असेल तर त्याला एकशे वीस फुटांपर्यंत यातून स्वच्छ दिसतं, आणि म्हणूनच दर दुसरा वॉरलॉक ही जोडी घेतो. घ्या, चांगली आहे, पण स्पेल स्वतःजवळच्या वस्तूवर टाका, दगडावर किंवा नाण्यावर, म्हणजे अंधार तुमच्याबरोबर फिरेल आणि वर डब्याचं झाकण किंवा हेल्मेट ठेवलं की बंद होईल. नाहीतर आपल्याच फायटरला आंधळा करून ठेवता आणि तो बिचारा अख्खी मारामारी अंधारात चाचपडतो. आमच्याकडे फायटरवाला यावरून खरंच दुखावला होता, आणि त्याचं चुकलं नव्हतं.

धुकं. फॉग क्लाउड पहिल्याच लेव्हलचा, वीस फूट त्रिज्या, तासभर. हा अंधार नाही, हे नीट लक्षात घ्या, म्हणून अंधारावरची कुठलीही युक्ती याच्यावर चालत नाही. डार्कव्हिजन नाही, डेव्हिल्स साइट नाही, डेलाइट नाही, अगदी ट्रूसाइट पण नाही, कारण ट्रूसाइट अंधार, अदृश्यपणा आणि भ्रम भेदतं, धुकं नाही. पावसाळ्यात माळशेज घाटात गाडीचा हायबीम लावून बघा, समोर पांढरी भिंत जास्तच जवळ येते. तसंच. याच्यावर वारा चालतो. ताशी दहा मैल, म्हणजे साधारण सोळा किलोमीटर वेगाचा वारा आला की धुकं उडालं, गस्ट ऑफ विंड त्यासाठी जपून ठेवा.

आणि इनव्हिजिबल. इथे जागेत काही अडथळा नाही, माणूसच दिसत नाही. साधा इनव्हिजिबिलिटी अटॅक केला किंवा स्पेल टाकला की सुटतो, २०२४ मध्ये कुठल्याही मार्गाने डॅमेज दिलं तरी सुटतो. ग्रेटर इनव्हिजिबिलिटी चौथ्या लेव्हलचा, एक मिनिटभरच, पण मारलं तरी टिकतो. याच्यावर फेअरी फायर सगळ्यात स्वस्त औषध, पहिल्या लेव्हलचा, डेक्स सेव्ह (चपळाईने चुकवायचा फासा) चुकला की तो अंगभर चमकतो आणि अदृश्य असल्याचा फायदा बंद. पण फेअरी फायरने धुक्यातल्या माणसावर अ‍ॅडव्हांटेज मिळत नाही, कारण तिथे मारणाऱ्याला तो दिसायला पाहिजे अशी अट आहे. प्लेयर पीठ उधळतात, एकदा तर जेजुरीसारखी भंडाऱ्याची मूठच उधळली एकाने, मला ते फार आवडलं. पुस्तकात याचा पक्का नियम नाही, मी असं धरतो की जागा कळली, त्या राउंडपुरता तो लपलेला राहत नाही, पण डिसअ‍ॅडव्हांटेज तसाच. नाहीतर पिठाची पिशवी स्पेलपेक्षा भारी होऊन बसते.

चौथी तपासणी: डोळे कुणाचे आहेत

मॉन्स्टरचा स्टॅट ब्लॉक (माहितीचा तक्ता) उघडा आणि सेन्सेस ही ओळ वाचा. ही ओळ डीएमच विसरतो, प्लेयरचा दोष नाही. ब्लाइंडसाइट (डोळ्यांशिवाय आजूबाजूचं कळणं) असेल तर धुकं, अंधार, अदृश्य सगळं त्याच्या अंतरात फुकट. ट्रेमरसेन्सला जमिनीची थरथर कळते म्हणून उडणारा त्यातून सुटतो, आणि २०२४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की ते बघणं नव्हे, म्हणजे जागा कळेल पण "दिसणारा" वाले स्पेल चालणार नाहीत. मिरर इमेज (स्वतःच्या खोट्या प्रतिमा) आणि ब्लर (अंधुक दिसणं) हे स्पेल टाकणाऱ्यांनी पण हे वाचा, जो नजरेवर अवलंबूनच नाही त्याला तुमच्या प्रतिमांशी काही देणंघेणं नाही.

पाचवी तपासणी: तो लपलाय का, की नुसता दिसत नाहीये

परत आंधळी कोशिंबीर. अदृश्य माणसाने लपायची चाल, म्हणजे हाइड अ‍ॅक्शन घेतली नसेल तर तो कुठल्या घरात आहे ते शत्रूला कळतं असं धरून चाला, पावलं वाजतात, चिलखत खणखणतं, धूळ उडते. टोकन पटावरच ठेवा. त्याच्यावर अटॅक होतो, डिसअ‍ॅडव्हांटेजने. हाइड करून स्टेल्थ (लपायचा फासा) जिंकला तर मगच टोकन उचला, आणि आता शत्रूने घराचा अंदाज करायचा. अंदाज चुकला तर अटॅक आपोआप चुकला, पण डीएमने फक्त "नाही लागला" म्हणायचं, घर चुकलं की फासा चुकला ते सांगायचं नाही. हे न सांगणं फार महत्त्वाचं आहे, कारण सांगितलंत की पुढचा प्लेयर ते घर वगळून पुढचं घर मारतो आणि दोन टर्नमध्ये लपाछपी संपली.

म्हणून तो रोग अदृश्य असताना "मी लपतो" म्हणतो ते अगदी बरोबर करतो, त्याला ओरडू नका. लपायला न दिसणं लागतं, ते त्याच्याकडे आहे, आता तो आवाज बंद करतोय. दुसऱ्या लेव्हलपासून त्याला ते टर्नमधल्या जादा छोट्या चालीत, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनमध्ये जमतं, बाकीच्यांची पूर्ण अ‍ॅक्शन जाते. अपवाद म्हणाल तर धबधब्याशेजारी किंवा बाजाराच्या गर्दीत मी लपल्याशिवाय पण जागा हरवू देतो, तिथे कुणाला पावलं ऐकू येणार.

सहावी तपासणी: अ‍ॅडव्हांटेज मोजू नका, फक्त आहे का नाही बघा

दोघंही धुक्यात. मला तो दिसत नाही, डिसअ‍ॅडव्हांटेज. त्याला मी दिसत नाही, अ‍ॅडव्हांटेज. दोन्ही कटले, एक फासा टाका. हे पहिल्यांदा सांगितलं की कोणाचा विश्वास बसत नाही पण नियम असाच आहे, आणि एका बाजूला तीन कारणं आणि दुसऱ्या बाजूला एकच असलं तरी कटतंच, उरत काही नाही. ते दर वेळी दोन फासे टाकून पाऊण तास घालवणं इथे थांबतं. अकरा किंवा जास्त लागत असेल तर वीस बाजूंच्या एका फाशावर निम्मी संधी आहे, डिसअ‍ॅडव्हांटेजवर ती पंचवीस टक्के होते, म्हणजे चुकून डिसअ‍ॅडव्हांटेज घेत राहिलात तर मारामारी दुप्पट लांबणारच.

रोगला यातून स्नीक अटॅक (त्याचा जादा मार) मिळतो का हे नेहमी विचारतात. दोन्ही कटले की दोन्ही नाहीतच असं धरायचं, त्यामुळे शत्रूच्या पाच फुटांत आपला धडधाकट माणूस असेल तर मिळतो.

सातवी तपासणी: कोण कुठल्या पुस्तकातून आलंय

जुने खेळाडू जुने नियम डोक्यात घेऊन येतात. तिसऱ्या एडिशनवाला म्हणेल कन्सीलमेंटला (अर्धवट झाकलेल्याला) वीस टक्के आणि पूर्ण झाकलेला असेल तर पन्नास टक्के चुकायची शक्यता, वेगळा फासा. चौथ्यावाला त्याच दोन गोष्टींना फाशातून वजा दोन आणि वजा पाच सांगेल. पाथफाइंडर या वेगळ्या खेळाच्या दुसऱ्या एडिशनवाला फ्लॅट चेक (काही न मिळवता टाकायचा फासा) मागेल, कन्सील्डला पाच आणि हिडनला अकरा. कोणी खोटं बोलत नसतं, घर बदललंय एवढंच. खरं सांगायचं तर दिसणं आणि जागा माहीत असणं हा फरक पाथफाइंडर टूने सगळ्यात स्वच्छ मांडलाय, हिडन (दिसत नाही पण जागा माहीत) वेगळा, अनडिटेक्टेड (जागाही माहीत नाही) वेगळा, मी नवीन डीएमना ते एकदा वाचायला सांगतो, खेळत नसले तरी.

आणि पाचव्यातल्या पाचव्यात २०१४ आणि २०२४ मिसळू नका. २०१४ मध्ये सी इनव्हिजिबिलिटी या स्पेलने अदृश्य माणूस दिसला तरी इनव्हिजिबल कंडिशनचं (अवस्थेच्या नियमाचं) दुसरं वाक्य तसंच लागू राहायचं, म्हणजे दिसतोय आणि तरीही डिसअ‍ॅडव्हांटेज, यावरून आमच्याकडे एक अख्खी रात्र गेलीये. २०२४ ने ते मिटवलं, ज्याला तुम्ही दिसता त्याच्यासमोर फायदा नाही. पण २०२४ मध्ये लपणं पण बदललं, स्टेल्थला पंधरा पाहिजेत आणि जमलं की इनव्हिजिबल कंडिशनच मिळते, मग अटॅक केलात, कुजबुजीपेक्षा मोठा आवाज केलात, बोलून स्पेल टाकलात किंवा शत्रूने शोधलं की जाते. एक पुस्तक ठरवा आणि पहिल्या पानावर पेन्सिलने लिहून ठेवा.

आठवी तपासणी: थोडा खर्च, चार्ट पेपर

तरीही गोंधळ होत असेल तर तो डोक्यात नाही, टेबलवर आहे. स्टेशनरीच्या दुकानातून एक काळा आणि एक पांढरा चार्ट पेपर आणा. इंचाला पाच फूट धरलं तर डार्कनेसचा काळा गोल सहा इंच रुंद आणि फॉग क्लाउडचा पांढरा आठ इंच, कंपासने आखून कापायचे. माझ्या गोलांच्या मागे मी बॉलपेनने लिहून ठेवलंय, काळ्याच्या मागे "डार्कव्हिजन नाही, डेलाइट हो", पांढऱ्याच्या मागे "वारा". काळ्याची कड आता तेलकट झालीये, शेंगदाण्याच्या हाताने धरतात सगळे. लपलेल्या टोकनसाठी चिठ्ठी वापरा, घराचा नंबर लिहून दुमडून वाटीखाली ठेवायची, मग नंतर कोणी म्हणू शकत नाही की तू जागा बदललीस.

नववी: घरचा नियम, सगळ्यात शेवटी

हे अवघड, कारण एक नियम बदलला की तीन हलतात. मी एकच बदललाय. पुस्तकाप्रमाणे तीनशे फुटांवरच्या माणसावर लाँगबोने (लांब धनुष्याने) मारलं तर लांब पल्ल्यामुळे डिसअ‍ॅडव्हांटेज, पण मध्ये दाट धुकं आलं की दोघंही एकमेकांना दिसत नाहीत, सगळं कटलं, आणि नेम सुधारला. हे माझ्या मनाला पटत नाही. म्हणून आमच्याकडे तीस फुटांपलीकडे न दिसणाऱ्यावर नेम धरताना आंधळेपणाचा अ‍ॅडव्हांटेज मिळत नाही. सेशन सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना विचारून लावला, मारामारीच्या मध्ये नाही. मध्ये लावलात तर ज्याचा फासा गेला त्याला तो स्वतःवर अन्याय वाटतो, आणि तो असतोच.

कधी थांबायचं

वाद पाच मिनिटांवर गेला की थांबा. डीएम काय म्हणेल ते त्या रात्रीपुरतं, वहीत टिपून ठेवा, पुस्तक उद्या उघडा. वादात कोणाचं कॅरेक्टर मरत असेल तर निकाल त्याच्या बाजूने द्या, उद्या चूक निघाली तर कमी नुकसान होईल. ऑनलाइन खेळताना व्हर्च्युअल टेबलटॉपचं (ऑनलाइन पटाचं) लाइटिंग बिघडलं, एकाला नकाशा काळा आणि दुसऱ्याला सगळं उघडं, तर दहा मिनिटांच्या वर स्वतः खाटखूट करू नका, ज्याने तो नकाशा बनवलाय त्याला फोन करा, तोवर लाइटिंग बंद करून तोंडी खेळा.

आणि या सगळ्या तपासण्या करूनही प्लेयर म्हणत असतील की अदृश्य होऊन काही फायदाच होत नाही, तर बाहेरचा अनुभवी डीएम बोलवा. हा बिघाड तुम्हाला स्वतःला सापडणार नाही. माझ्याकडे तेच झालं होतं. नेरुळहून एक जण आला, माझ्यापेक्षा कितीतरी वर्षं जुना डीएम, एक अख्खं सेशन माझ्या बाजूला खुर्ची टाकून गप्प बसला. सेशन संपल्यावर सगळे चपला घालत होते तेव्हा हळूच म्हणाला, "दादा, तुमचे ऑर्क लपलेल्या रोगच्या घरावर सहा वेळा मारायला गेले, सहाही वेळा घर बरोबर होतं." मला जागा माहीत होती आणि माझा हात तिथेच जात होता, मला कळत पण नव्हतं. त्याने मला एक सवय लावून दिली. लपलेल्यावर मॉन्स्टर मारणार असेल तर मॉन्स्टरने शेवटचं काय पाहिलं किंवा ऐकलं ते मी आधी तोंडाने बोलतो, तिथून जवळची आठ घरं धरतो आणि आठचा फासा टाकतो. पहिल्याच शनिवारी ऑर्क दोन टर्न रिकाम्या भिंतीवर कुऱ्हाड मारत राहिला आणि रोगवाली पोरगी उठून उभी राहिली खुर्चीवरून.